हजेरीपटातली माणसे

दिवाळी अंकातल्या टीकालेखाला एखादे पुस्तक लागते, एखादा लेखक लागतो, आणि लेखक नामवंत असला तर लेखही चार लोक वाचतात. माझ्यापुढे आज तसे एक पुस्तक नाही. ज्या वाङ्मयाविषयी मला लिहायचे आहे त्यातली एक कथा इंग्रजीत आहे, एक घाटातल्या देवळात आहे, आणि एक माझी स्वतःचीच, अर्धवट लिहून पडलेली कादंबरी आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा पंडिताचा आव मी आणणार नाही. शाळामास्तराला वही तपासायची सवय असते. तीच सवय येथे थोडी वापरणार आहे, आणि पहिली वही माझी स्वतःची घेणार आहे.

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या दुपारी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आमच्या चांदवड तालुक्यात पाऊस रुसला की तरुण पोरे मुंबई-आग्रा रस्त्याने बाहेर पडतात. त्यांतलाच हा एक. गेली काही वर्षे तो बोगद्याच्या कामावर आहे. डोंगर आपला, माती आपली, पण यंत्रे परदेशी आणि सर्वांत वरचे साहेबही परदेशी. सौभाग्यवतीने फराळाचे ताट त्याच्यापुढे ठेवले आणि मी, लेखकाच्या स्वाभाविक हावरटपणाने, त्याच्या हाती माझ्या कादंबरीचे एक प्रकरण दिले. त्यात आमच्याच भागातला एक तरुण बोगद्यात काम करताना दरड कोसळून मरतो. ते प्रकरण लिहिताना माझे स्वतःचे डोळे ओले झाले होते. एवढ्या बळावर ते उत्तम उतरले आहे असे मी धरून चाललो होतो.

त्याने चकली खाता खाता ते शांतपणे वाचले. हात पुसले आणि म्हणाला, "गुरुजी, लिवलंय झकास. पन तुमचा गडी कोनाच्या हजेरीवर हाये, ते काही समजलं नाही."

मी म्हटले, "अरे, कंपनीच्या. वर लिहिले आहे की."

तो हसला. "कंपनी लई लांब ऱ्हाते, गुरुजी. कंपनीखाली ठेकेदार, त्याच्याखाली पोटठेकेदार, त्याच्याखाली मुकादम. गडी मेला तर त्याच्या बायकूनं कोनाच्या दारात जायचं? ते ठरल्याबिगर गडी बोगद्यात शिरतच नाही. शिरला तर भीत भीत शिरतो. तुमचा तर गाणं म्हनत शिरला."

भाऊबीज करून तो कामावर परत गेला. त्याचे हे वाक्य मात्र माझ्या घरातून गेले नाही. परक्याने उभारलेल्या मोठ्या कामावर राबणाऱ्या माणसाला निर्धास्त केव्हा वाटते, आणि आपल्या लिहिण्यात त्या निर्धास्तपणाचा किंवा त्याच्या अभावाचा पत्ता कितपत लागतो, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो आहे.

या प्रश्नाचे मूळ आपल्याच सह्याद्रीत आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. तो रस्ता फॅव्हिएल आणि फाउलर या विलायती कंत्राटदारांनी बांधला. तेथवर सपाटी होती. पुढे सह्याद्री आडवा आला. पुण्याच्या वाटेवर बोरघाट आणि आमच्या नाशिकच्या वाटेवर थळघाट, ज्याला आपण कसाऱ्याचा घाट म्हणतो. बोरघाटाचे काम १८५६ साली फॅव्हिएलने हाती घेतले. सुमारे पावणेसोळा मैलांत १,८३१ फूट चढायचे, पंचवीस बोगदे खोदायचे, आणि चढ काही ठिकाणी असा की सदतीस फुटांत एक फूट. कड्याचा दगड फोडण्यासाठी सुरुंगाची भोके पाडायची, तर उभे राहायला पाऊलभर जागा नाही. म्हणून माणसे दोरांनी कड्यावरून खाली सोडीत. उन्हाळ्यात पटकी, पावसाळ्यात हिवताप. १८६१ च्या जानेवारीत या एका घाटावर बेचाळीस हजारांवर माणसे राबत होती.

आता मला जी गोष्ट फार महत्त्वाची वाटते ती अशी. १८५९ च्या जानेवारीत बोरघाटात मजुरांचा दंगा झाला. वाचकांना वाटेल, दोर तुटला असेल, सुरुंग अवेळी उडाला असेल. तसे नव्हते. दंगा झाला तो थकलेल्या मजुरीसाठी. विलायती कंत्राटदार वर, त्याच्याखाली लहान कंत्राटदार, त्यांच्याखाली मुकादम. पैसा वरून निघे आणि वाटेत कोठे तरी मुरे. कड्याला लोंबकळताना जे ओरडले नाहीत ते पगाराच्या दिवशी उठले.

पहिल्या वाचनात हे मला चमत्कारिक वाटले. माणसाला जिवापेक्षा पैसा प्यारा, असा त्याचा अर्थ एखादा साहेब लावीलही. पण माझ्या विद्यार्थ्याचे बोलणे कानात होते, म्हणून मला तो अर्थ पटेना. दोरावर लोंबकळणारा माणूस मरणाचा धोका पत्करतो तो कोणाच्या तरी शब्दावर: 'तू उतर, तुझ्या घरचे उपाशी राहणार नाहीत.' हा शब्द खोटा ठरला की दोरही खोटा वाटू लागतो. मजुरी आणि जीव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे ऑफिसात बसलेल्याला वाटते. दोरावरच्या माणसाला त्या एकाच पिळाच्या असतात.

दंग्याची चौकशी झाली. फॅव्हिएलने त्याच वर्षी काम सोडले. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात पाऊल ठेवल्यावर काही दिवसांतच आजारी पडून वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिने दोन इंजिनियरांच्या हाताने ते काम तडीस नेले. १८६३ साली बोरघाट खुला झाला आणि १ जानेवारी १८६५ रोजी थळघाट. त्या बाईच्या धैर्याचे कौतुक इंग्रजांनी केले आणि ते योग्यच होते. मुख्य इंजिनियर जेम्स बर्कले याचेही नाव राहिले. किती बोगदे, किती पूल, किती दगड, याचा हिशेब राहिला. बेचाळीस हजारांची नावे मात्र त्या हिशेबात उतरली नाहीत. १८६० साली सरकारने एक कायदा केला: सार्वजनिक कामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने तडकाफडकी मिटवावेत. त्याच कायद्याने करार मोडून काम सोडणाऱ्या मजुराला तुरुंगाची वाटही दाखविली. एका हाताने दिलेला निर्धास्तपणा दुसऱ्या हाताने काढून घेण्याची ही जुनी तऱ्हा आहे.

इतिहासाने नावे ठेवली नाहीत, तर ललित वाङ्मयाने काय केले? थळघाट खुला झाला त्याच १८६५ सालच्या डिसेंबरात मुंबईत एक मूल जन्माला आले. पुढे ते रुडयार्ड किपलिंग या नावाने जगाला माहीत झाले. त्याची 'पूल बांधणारे' अशा अर्थाच्या नावाची इंग्रजी कथा १८९३ साली प्रसिद्ध झाली. गंगेवर मोठा पूल बांधणारा इंजिनियर फिंडलेसन, त्याचा मदतनीस हिचकॉक, आणि पेरू नावाचा जहाजावर मुरलेला एक खलाशी, जो पुलावर दोर आणि यारी यांचा राजा झाला आहे. पूर येतो, पूल टिकणार की नाही या चिंतेने जागणाऱ्या साहेबाला पेरू अफूच्या गोळ्या देतो, दोघे वाहत एका बेटावर जातात आणि तेथे जनावरांच्या रूपात देवांची सभा भरते.

कथा म्हणून ती थोर आहे, हे प्रथमच सांगितले पाहिजे. आपल्या पुष्कळ सुशिक्षित लेखकांना यंत्र म्हटले की धूर आणि शिट्टी एवढेच सुचते. किपलिंगला कप्पी कशी अडकते, तुळई कशी कलते, आणि त्या क्षणी कोणाचा हात ती सावरतो, हे ठाऊक आहे. पेरूने एकदा अशी कलती तुळई सावरली, हे तो अभिमानाने नोंदवितो. पेरू हे पात्र साहेबापेक्षा अधिक जिवंत आहे. पुलाशेजारच्या वस्तीत आधी पटकी आणि मग देवी आली, हेही तो विसरत नाही.

पण कथेतली भीती कोणाची आहे, हे पाहावे. पाण्याच्या प्रत्येक लाटेबरोबर आपला जीव खालीवर होतो तो पुलासाठी, आणि फिंडलेसनच्या नावलौकिकासाठी. पटकी येते आणि एका वाक्यात निघून जाते. पाच हजार मजुरांची वस्ती ही चित्रामागचा पडदा आहे. आणखी एक बारीक तपशील: त्या वस्तीचा बंदोबस्त राहावा म्हणून हिचकॉकला तिसऱ्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटचे, फटके मारण्यापर्यंतचे अधिकार दिलेले आहेत. लेखक हे सहज, जवळजवळ कौतुकाने सांगून जातो. कामावर ठेवणारा तोच, न्याय करणारा तोच, आणि चाबूकही त्याच्याच हाती! अशा ठिकाणी मजुराने आपली तक्रार कोठे न्यावी, हा प्रश्न कथेला पडतच नाही, कारण पेरूला तक्रार नाही. पेरूला साहेब आवडतो. कथेतला निर्धास्तपणा म्हणजे निष्ठा. हा त्या थोर कथेचा मोठा उणेपणा आहे. निष्ठावान माणूस निर्धास्त असतोच असे नाही. पुष्कळदा त्याला दुसरे दार नसते.

किपलिंगची कथा बाजूला ठेवून आता आपल्या घाटात येऊ. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर खोपोलीच्या वर शिंगरोबाचे छोटे देऊळ आहे. जाता येता मोटारी तेथे थांबतात, ड्रायव्हर मंडळी हात जोडतात, नाणे टाकतात. शिंगरोबा हा धनगर. घाटातून वाट काढता काढता इंग्रज इंजिनियर थकले. मेंढरांमागे हिंडणाऱ्या या माणसाने त्यांना वाट दाखविली. साहेब खूष झाला, म्हणाला, काय हवे ते माग. शिंगरोबा म्हणाला, माझ्या देशाला स्वातंत्र्य द्या. साहेबाने त्याला गोळी घातली. ही कथा लोक सांगतात.

हिला पुरावा विचारणारे विचारोत. मी तिच्याकडे वाङ्मय म्हणून पाहतो. स्वातंत्र्याच्या मागणीचा भाग स्वातंत्र्याच्या चळवळीच्या दिवसांत कोणी भक्ताने जोडला असावा, असे माझे मत आहे. त्याचा गंध त्या काळाचा आहे. तो सोलून काढला तर आत जी गोष्ट उरते ती फार जुनी आणि फार कठोर आहे: ज्याच्या ज्ञानावर वाट निघाली, त्याची गरज वाट निघेपर्यंतच असते. ही घाटातल्या मजुराची स्वतःची समीक्षा आहे. किपलिंगच्या पेरूला जे सुचले नाही ते शिंगरोबाच्या कथाकारांना सुचले.

आणि पुढेही पाहा. मारल्या गेलेल्या माणसाला लोकांनी देव केले, आणि कशाचा देव? वाटेवरच्या सुरक्षिततेचा! ज्याला स्वतःला कोणी राखले नाही तो आता घाटातल्या प्रत्येक ट्रकला राखतो.

आमच्या लहानपणी असेच एक सांगणे होते. पुलाचे काम निघाले की म्हातारी माणसे म्हणत, "पुलाला माणूस लागतो, तिकडं फिरकू नका." पोरे पुलाच्या पायात पुरतात, अशी ती अफवा. शाळेत आलो तेव्हा मी विद्यार्थ्यांना ती अंधश्रद्धा म्हणून समजावून देत असे, आणि नरबळीची गोष्ट खोटी आहे हे आजही सांगेन. परंतु त्या वाक्याचे व्याकरण आता मला निराळे दिसते. पुलाला चुना लागतो, दगड लागतो, तसा माणूसही लागतो. जिने आपले माणूस कामावर पाठविले आणि पुन्हा पाहिले नाही, तिने याहून नेमके काय बोलावे?

आता कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही दीडशे वर्षांपूर्वीचे रडगाणे घेऊन बसलात. आज कायदे आहेत. खरेच आहेत. नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला, बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली झाला, आणि २०२० साली संसदेने सुरक्षितता व आरोग्य यांची संहिता मंजूर केली. परक्यांनी आणलेल्या चांगल्या चालीही आहेत. माझा विद्यार्थी सांगतो, रोज सकाळी कामापूर्वी सगळ्यांना उभे करतात, आज कोठे काय धोका आहे ते समजावतात, टोपी, पट्टा, बूट तपासतात. परदेशी साहेबाबद्दल तो आदराने बोलतो. हे मी मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडे परका म्हटला की एक तर देव नाही तर राक्षस करण्याची खोड आहे.

परंतु त्यानेच सांगितलेली एक हकीकत ऐका. एकदा त्या साहेबाने संरक्षक जाळी नीट बांधलेली नाही हे पाहिले आणि काम तत्काळ थांबविले. जाळी बांधली, दुपारनंतर काम सुरू झाले. साहेबाचे चुकले काय? काही नाही. पण आठवड्याच्या शेवटी मुकादमाने टोळीतल्या प्रत्येकाची अर्ध्या दिवसाची मजुरी कापली. काम झाले नाही, तर पैसे कसले! पुढच्या वेळी जाळी सैल दिसली तेव्हा टोळीतला कोणी बोलला नाही.

"जाळी साहेबाची, गुरुजी," तो म्हणाला, "अन् हजेरी मुकादमाची."

या एका वाक्यात १८५९ सालचा दंगा मला पुरता कळला. सुरक्षितता ही डोक्यावर घालता येते. निर्धास्तपणा पोटातून यावा लागतो. धोका दाखविणाऱ्याची भाकरी कापली जाणार असेल तर जगातली उत्तम जाळीही सैलच राहणार.

२०२३ सालच्या दोन घटना वाचकांच्या स्मरणात असतील. १ ऑगस्टला आमच्याच वाटेवर, शहापूर तालुक्यात, समृद्धी महामार्गाच्या पुलावर रात्रीच्या कामात तुळई चढविण्याचे अवजड यंत्र कोसळले आणि वीस माणसे गेली. कोणी उत्तरेकडची, कोणी दक्षिणेकडची; ज्या रस्त्याने त्यांचे गाव कधीच लागणार नाही तो रस्ता ती बांधीत होती. १२ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, उत्तराखंडात सिलक्याराचा बोगदा ढासळला आणि एकेचाळीस मजूर आत अडकले. अमेरिकन बनावटीचे छिद्रक यंत्र आणले. ते वाटेत मोडून पडले. परदेशी तज्ज्ञ आले. बोगद्याच्या तोंडाशी स्थानिक देवाची घुमटी पुन्हा मांडली गेली आणि तेथे त्या परदेशी तज्ज्ञानेही हात जोडले. शेवटचे काही मीटर ज्यांनी हातांनी उकरले ती माणसे, ज्यावर बंदी आलेली आहे अशा उंदीरबिळासारख्या खाणकामाच्या पद्धतीने उकरणारी होती. सतरा दिवसांनी एकेचाळीसही जिवंत बाहेर आले. यंत्र, देव आणि माणसाचा हात, या तिघांची किपलिंगने रंगविलेली सभा तेथे पुन्हा भरली होती. फरक एवढाच की या वेळी सारा देश पुलासाठी नव्हे, माणसांसाठी जागा होता. अडकलेल्यांची नावे वर्तमानपत्रांत छापून आली. हा फरक लहान नव्हे.

मग मराठी कादंबरीने काय करावे? गिरणी कामगाराला नारायण सुर्वे भेटले. धरणाने उठविलेल्या माणसांना १९९१ साली विश्वास पाटलांची 'झाडाझडती' भेटली. पण जो दुसऱ्याच्या मुलुखात, तिसऱ्याच्या यंत्रावर, चौथ्याच्या हजेरीवर राबतो, त्याच्या रोजच्या भीतीची कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही; आणि मी जी लिहीत होतो ती त्याच्या मरणाची होती. मरण लिहिणे सोपे असते. त्यात वाचक रडतो आणि लेखक सुटतो. भीती लिहायची तर उचल किती घेतली, खाडे किती झाले, कार्डावर कोणाचा शिक्का आहे, हे सारे ठाऊक असावे लागते. आपले लेखन येथे कमी पडते, कारण हा तपशील आपल्याला रूक्ष वाटतो.

जपानात कुरोबे नावाचे मोठे धरण आहे. ते १९६३ साली, म्हणजे आपला बोरघाट खुला झाल्यावर बरोबर शंभर वर्षांनी पुरे झाले. त्या कामावर १७१ माणसे दगावली. धरणापाशी स्मारक आहे आणि त्यावर १७१ नावे कोरलेली आहेत. त्याच नदीच्या दरीत आधी झालेल्या बोगद्याच्या कामावर आकिरा योशिमुरा यांनी १९६७ साली कादंबरीही लिहिली. आज मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेसाठी जपानचे कर्ज आणि जपानचे तंत्र आपण घेतले आहे. ५०८ किलोमीटरांचा तो मार्ग, त्यात समुद्राच्या खाडीखालून जाणारा बोगदा. कर्ज घेतले, तंत्र घेतले. ते नावे कोरण्याचे तंत्रही घ्यावे, असे मला सुचवावेसे वाटते. मात्र त्याहून बरे हे की कोरण्याजोगे एकही नाव उरू नये. आणि ते व्हायचे तर माणसाचे नाव तो जिवंत असतानाच नीट लिहिले गेले पाहिजे, ज्याचा शब्द चालतो अशा माणसाच्या हजेरीपटात.

माझे प्रकरण मी फाडले नाही. बाजूला ठेवले आहे. नवे प्रकरण पगाराच्या दिवशी सुरू होते. नायक रांगेत उभा आहे, पुढे अकरा जण आहेत, आणि मुकादमाच्या वहीत आपले अर्धे दिवस किती लागले हे तो मनातल्या मनात मोजतो आहे. अजून बोगदा आलेला नाही, दरड आलेली नाही. पण तो भ्यालेला आहे, हे मला या वेळी ठाऊक आहे. माझा विद्यार्थी या दिवाळीला येणार असा त्याचा निरोप आहे. चकल्या तयार आहेत. वही त्याच्यापुढे ठेवीन आणि या वेळी मी गप्प बसेन.